शब्दचर्चा : एजंट, हेर, हस्तक की ‘आपला माणूस’?

दापोलीहून
कोकण किनाऱ्यावर घडणारी हेरकथा मराठीत लिहायची, तर ‘एजंट’ला काय म्हणावं? कोश ‘हेर’ देतात, वर्तमानपत्रं ‘हस्तक’ लिहितात, पोलीस ‘खबऱ्या’ म्हणतात. शिवाय हँडलर (एजंटला चालवणारा), कव्हर (वरवरची खोटी ओळख), मोल (खात्याच्या आतच बसलेला शत्रूचा माणूस), डेड ड्रॉप (न भेटता वस्तू ठेवण्या-उचलण्याची जागा) हे आहेतच. मराठी शब्द आहेत, की तसेच देवनागरीत ठेवावेत?

रत्नागिरीहून
आधी एक गोंधळ निस्तरू. गुप्तचर संस्थेत पगारावर असतो तो अधिकारी. एजंट म्हणजे त्याने बाहेर जोडलेला माणूस, ज्याच्या हाताला कागद लागतात. सिनेमाने दोघांना एक करून टाकलं. कादंबरीतला अधिकारी ‘मी रॉचा एजंट’ म्हणाला की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो. ‘हेर’ दोघांनाही लागू पडतो, म्हणूनच अपुरा. ‘गुप्तहेर’ त्याहून घोळाचा, कारण मराठीत खुनाचा छडा लावणाराही गुप्तहेरच.

‘हस्तक’ नेहमी समोरच्याचा असतो. आपल्या माणसाला कुणी ‘आपला हस्तक’ म्हणत नाही. ‘खबऱ्या’ पोलीस ठाण्याभोवतीचा. त्याची धाव हातभट्टी, चोरीची मोटरसायकल, फार तर डिझेलच्या तस्करीपर्यंत. परराष्ट्र खात्यातल्या कारकुनाला खबऱ्या म्हटलं की त्याची उंची एकदम घटते.

संवादात ‘माणूस’ सगळ्यात चांगला चालतो. ‘बंदरात आपला माणूस आहे’ एवढ्यात सगळं आलं. खरी श्रीमंती क्रियापदांत आहे: माणूस हेरतात, गळाला लावतात, पेरतात, समोरच्याचा असेल तर फोडतात. ‘रिक्रूट केलं’ला एकच शब्द शोधू नका, प्रसंग कुठल्या पायरीवर आहे ते पाहा. कुणाची पोहोच कुठे आहे आणि तो कुठे अडला आहे हे बघणं म्हणजे हेरणं. गळ त्यानंतर. ‘भरती केली’ लिहिलंत तर पोलीसभरतीचं मैदान डोळ्यांपुढे येतं.

मालवणहून
गळाचा विषय निघालाच आहे तर ‘हँडलर’चंही उत्तर तिथेच आहे. गरवणारा माणूस गरीला मासा लागला की लगेच ओढत नाही. सूत बोटावर ठेवतो, मासा धावला की सोडतो, थकला की घेतो. म्हणून ‘हाताळणारा’ असलं काही घडवू नका. ‘त्याचं सूत कोणाच्या हातात आहे?’ असं विचारा. ‘सूत्रधार’ मात्र हातचा गेला. बातम्यांनी तो कटाच्या म्होरक्याला देऊन टाकलाय.

‘जासूद’बद्दल सावध राहा. हिंदीतल्या ‘जासूस’मुळे तो हेर वाटतो, पण पेशवाईतल्या पत्रांत बहुतेक ठिकाणी जासूद म्हणजे पत्रं पोचवणारा. जोडीने जायचे, म्हणून ‘जासूद जोडी’. त्यांच्या मजुरीला ‘अजुरा’. ऐतिहासिक कादंबरीत जासूद म्हणजे हेरच असं धरू नका.

अलिबागहून
‘कव्हर’साठी ‘बतावणी’. ‘सोंग’ कपड्यांपुरतं राहतं. ‘तोतया’ तर वेगळीच गोष्ट: तो विशिष्ट, खऱ्या माणसाचं नाव घेतो. सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला आणि कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले, ते भाऊंच्या नावावर. बतावणी करणाऱ्याला उलट कुणाच्या लक्षातच राहायचं नसतं.

बतावणी कुठे फसते? आपल्या वाडीत. शहरातली पाळत म्हणजे पाच-सहा जण आळीपाळीने मागे राहणं. वाडीत अनोळखी माणूस फणसाखाली दहा मिनिटं उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाकडे इलास?’ या प्रश्नाला घराचं नाव, नातं आणि येण्याचं कारण अशी तिन्ही उत्तरं तयार नसतील तर बतावणी संपली. आंबा कलमांचा व्यापारी, बँकेचा वसुलीवाला, लग्न जुळवणारा हे टिकतात. ‘पक्षिनिरीक्षक’ टिकत नाही, चौथ्या दिवशी त्याची चेष्टा सुरू होते.

‘डबल एजंट’ला कौटिल्याने नेमका शब्द दिलाय, ‘उभयवेतन’, दोन्हीकडून वेतन घेणारा. निवेदनात छान बसतो. पात्राच्या तोंडी मात्र ‘दोन्हीकडचं खातो’च हवं.

देवगडहून
डेड ड्रॉपसाठी ‘ठेव’ आणि ‘उचल’. दोन्ही बँकेत रुळलेले, त्यामुळे फोनवर कुणी ऐकलं तरी बिघडत नाही. ‘ठेव झाली, उचल कर.’

जागा म्हणून जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) उत्तम, फटी भरपूर असतात. पण पावसाळ्यात कागद मेणकापडात गुंडाळला तरी वाळवी आणि मुंग्या सोडत नाहीत, डबीच लागते. ठेव झाल्याची खूण खडूने केली तर पहिल्या सरीत जाते. समुद्राजवळ आणखी एक चूक होते. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत कोरडी दिसलेली कपार आठवडाभराने उधाणाच्या भरतीत पाण्याखाली असते. कथेत ठेव आणि उचल यांत सात दिवस जात असतील तर तिथी तपासा.

तिथीचं गणित सोपं आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सुकती, म्हणजे ओहोटी, त्यानंतर साधारण सहा तासांनी. लेखकांना अमावास्येची पहाट फार प्रिय. अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला उधाणाची सुकती. त्या वेळी ट्रॉलर खाडीत घुसवलात तर तो मुखावरच्या वाळूत रुतणार आणि तांडेल (नौकेचा प्रमुख) तुम्हाला शिव्या घालणार. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैत ‘मासेमारी नौकांच्या गर्दीत लपलेली बोट’ लिहू नका, गर्दीच नसते.

रत्नागिरीहून
‘मोल’ राहिला. ‘घुसखोर’ नको, तो सीमा ओलांडणारा. घरचाच फितला असेल तर ‘घरभेदी’, बाहेरच्याने आणून बसवला असेल तर ‘पेरलेला माणूस’. (मोल हा बिळं काढणारा प्राणी आपल्या कोकणात नाही. घूस आहे, गडग्याखालून बिळं काढते. पण कादंबरीत ‘खात्यात घूस आहे’ लिहिलंत तर लाचलुचपतवाले येतील.)

छापण्याआधी हे सगळे शब्द एका पानावर लिहून मुद्रितशोधकाला द्या. नाहीतर पहिल्या फॉर्ममध्ये ‘बतावणी’ आणि अकराव्यात ‘कव्हर’ होतं. सोळा पानांचा एक फॉर्म, तेव्हा एका शब्दाच्या बदलासाठी किती प्रुफं उलटावी लागतील ते मोजा. शब्दार्थांची यादी मागे देऊ नका. संवादातून अर्थ कळत नसेल तर शब्द चुकलाय. पाठराखणीत (मलपृष्ठावरच्या मजकुरात) प्रकाशक ‘सत्य घटनांवर आधारित’ टाकू पाहतात. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ पुस्तकावर ‘कादंबरी’ लिहिलंय म्हणून सूट देत नाही. बंदराचे आणि तळांचे तपशील जाहीर नकाशात आहेत तेवढेच ठेवा.

दापोलीहून
आणि ‘स्लीपर सेल’?

मालवणहून
तसाच ठेवा. बातम्यांनी तो घरोघरी नेलाय. ‘निद्रिस्त पेशी’ लिहिलंत तर वाचक डॉक्टरकडे जाईल.