मदत हवी आहे: खाऱ्या पाण्यानं कूलरच्या ताट्या दगड होतात

राजेहो, गाव खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणीच खारं असलेला विदर्भातला पट्टा), पूर्णा नदीच्या काठचं. कूलर लोखंडी, 60 लिटरची टाकी, तिन्ही बाजूंनी वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तारांच्या) ताट्या. घरात कूलर पहिल्यांदाच. बोअरच्या पाण्यावर पंधरा दिवसांत ताट्यांवर पांढरा थर, वरच्या पन्हाळीची भोकं बुजलेली, मधली ताटी कोरडी. कोरड्या भागातून गरम हवा सरळ आत येते, मग पंखा कितीही फिरो.

कारण माहीत आहे: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. नुसती भर घालत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्तच खारं होतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करणं, भोकं सुईनं मोकळी करणं, पंपाची जाळी धुणं सुरू आहे. पंप काढून लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून तासभर बुडवला की थर सुटतो. (पिन काढल्याशिवाय पाण्यात हात नाही. लोखंडी कूलरला अर्थिंग पाहिजेच.)

आता विचारायचं ते:

टाकी रोज रिकामी करावी की दोन दिवसांआड? रोज 60 लिटर ओतून देणं जिवावर येतं. ते खारं पाणी झाडाला तरी चालतं का? तुळस, कढीपत्त्याला घालायची हिंमत होत नाही.

हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीची, जाड कागदाची) ताटी महाग, पण अशा पाण्यात किती उन्हाळे टिकते? वाळ्याची कोणी वापरली असेल तर तेही सांगा. ताटीचं माप दोन फूट बाय अडीच.

ताट्या लिंबूसताच्या पाण्यात धुतल्या तर वूडवूल कुजतं का?