सणाच्या जेवणासाठी भाज्यांचा हलका कॅसरोल: तळाशी पाणी का सुटते?

प्रश्न

सणाच्या रात्री आमच्याकडे व्हाइट सॉसमध्ये बेक केलेल्या भाज्यांचा कॅसरोल ठरलेला असतो. आठ माणसांसाठी १०० ग्रॅम बटर, ५०० मिली क्रीम आणि २०० ग्रॅम चीज, असे आमचे जुने प्रमाण आहे. यंदा वडिलांना स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितले असल्यामुळे मी गेल्या रविवारी क्रीमऐवजी साय काढलेले दूध घेतले, बटर व मैदा निम्मे केले आणि चीज फक्त वरून पेरले. ओव्हनमधून काढताना पदार्थ छान दिसत होता. परंतु पहिला डाव भरला तेव्हा भाज्या एकीकडे आणि तळाशी बोटभर फिकट पाणी, अशी अवस्था झाली. फरसबी, फ्लॉवर, गाजर आणि मश्रूम मी कच्चेच घातले होते. वडिलांसाठी वेगळे काही करायचे नाही, सर्वांनी एकाच भांड्यातून आवडीने वाढून घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नेमके काय चुकले असावे?

प्रतिसाद १

दुधाला दोष देऊ नका. ते पाणी बरेचसे भाज्यांचे आहे. मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि फ्लॉवरचीही तीच गत आहे. दाट क्रीममध्ये हे पाणी सामावून जाते, पातळ सॉसमध्ये ते उघडे पडते. म्हणून हलका कॅसरोल करताना निम्मे काम भाज्या कोरड्या करण्याचे असते, आणि नेमके तेच आपण घाईत उरकतो. फरसबी, गाजर आणि फ्लॉवर खळखळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकावेत, निथळून स्वच्छ पंचावर पसरावेत आणि हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत तसेच राहू द्यावेत. मश्रूम मात्र पाण्यात न घालता रुंद कढईत, मोठ्या आचेवर, तेलाशिवाय परतावेत. आधी ते पाणी सोडतील आणि कढईत चुरचुर आवाज येईल; तो आवाज थांबून कडा तपकिरी झाल्या की मग एक चमचा तेल आणि मीठ घालावे. या तपकिरी कडांमुळे जी चव येते, ती क्रीमची उणीव बरीचशी भरून काढते.

आता सॉसविषयी. सव्वा किलो भाज्यांना ७०० मिली दूध आणि ४५ ग्रॅम मैदा पुरतो. बटर २५ ग्रॅमच घ्यायचे असेल, तर त्यात २५ ग्रॅम मैदा मंद आचेवर परतावा आणि उरलेला २० ग्रॅम मैदा वाटीभर गार दुधात गुठळी न राहता कालवून, उरलेले दूध गरम झाल्यावर ओतावा. बटर कमी असताना सगळा मैदा त्यातच परतायला गेल्यास तो कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात. उकळी आल्यावरही सॉस आठ-दहा मिनिटे ढवळत शिजवणे आवश्यक आहे, नाहीतर कच्च्या मैद्याची चव जिभेवर राहते. मी दूध तापवतानाच त्यात अर्धा कांदा आणि तमालपत्र घालते व शेवटी थोडे जायफळ किसते.

प्रतिसाद २

वरील पद्धतीशी मी पूर्ण सहमत आहे. केवळ चीजबद्दल लिहितो. सौम्य चीज २०० ग्रॅम घालण्यापेक्षा मुरलेले, तीव्र चवीचे चीज ६० ग्रॅम, अगदी बारीक किसून घ्यावे. त्यातले निम्मे सॉसमध्ये आणि निम्मे वरच्या ब्रेडच्या चुऱ्यात मिसळले की प्रत्येक घासाला त्याची चव लागते. आकडेही बोलके आहेत. जुन्या प्रमाणात बटर, क्रीम आणि चीज मिळून माणशी सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश होतो. २५ ग्रॅम बटर, ३ टक्के स्निग्धांशाचे दूध आणि ६० ग्रॅम चीज धरल्यास तो माणशी ८ ग्रॅमच्या आत येतो. साय पूर्णपणे काढलेले दूध घेण्याची त्यामुळे गरजच उरत नाही, आणि माझ्या मते त्या दुधाने सॉसचा मुलायमपणा जातो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मश्रूम परतण्याची पायरी मी आजवर कधीच केली नव्हती. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी तयारी करून ठेवता येईल का? शिवाय सॉसमध्ये थोडे दही घातले तर चालेल का?

प्रतिसाद ३

दही टाळावे, ओव्हनच्या उष्णतेने ते फाटते आणि तुम्हाला पुन्हा तेच पाणी दिसेल. दाटपणा हवाच असेल, तर फ्लॉवरचे काही तुरे दुधात मऊ शिजवून, मिक्सरमधून गुळगुळीत करून सॉसमध्ये घालावेत.

आदल्या दिवशी भाज्या आणि सॉस एकत्र करून, पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात. ब्रेडचा चुरा मात्र ओव्हनमध्ये घालतानाच पसरावा, कारण रात्रभरात तो ओल शोषून लिबलिबीत होतो. काचेचे भांडे फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, ते तडकू शकते. अर्धा तास बाहेर राहू द्यावे. त्यानंतर १९० अंश सेल्सिअसवर चाळीसेक मिनिटे, म्हणजे मध्यभागी बुडबुडे दिसेपर्यंत बेक करावे, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटे डाव घालू नये. तेवढ्या वेळात सॉस आळतो.