मदत हवी आहे: शनिवार-रविवारी पाच कामं एकावर एक आली, कसं बसवू?

मधली_सून (गुरुवार, ३ एप्रिल २०२५, रात्री १०.५२)

नमस्कार. लवकर सांगा कोणीतरी, उद्या सकाळी मला सगळ्यांना फोन करायचे आहेत. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, बोलावणी झाली, पन्नासेक बाया येतील. रविवारी रामनवमी, दुपारी बाराला देवघरात जन्म असते, पाळणा असते आणि मग सगळ्यांचं जेवण. त्याच सकाळी पुण्याहून वन्सं, नंदोई आणि त्यांची दोन मुलं येऊन राहिले. संध्याकाळी पाचला लहान दिराला बघायला अमरावतीचे पाहुणे येतात, मुलीचे आईवडील, काका, मामा, गाडी करून. सासूबाईंना रविवारीच रामटेकला गडावर जायचं आहे. आणि त्यांनी बुधवारी पाच किलो गहू कुरडयांसाठी भिजवून ठेवले, कोणाला न विचारता. मुलाचा पहिला पेपर ८ तारखेला आहे, तो वेगळाच. घरात ज्याला विचारलं तो म्हणते होऊन जाईल. काय होऊन जाईल, कोण करणार, ते कोणी सांगत नाही. मला पाहुणेही नीट पाहिजेत आणि सासूबाईंचं मनही मोडायचं नाही. काय आधी करू, काय सोडू?

धंतोलीकर (११.०५)

माणसं किती, गाड्या किती, घर कुठं, आणि यातलं कोणतं काम हलवता येते कोणतं नाही, हे काहीच लिहिलं नाही ताई. त्याच्याशिवाय काय सांगायचं?

गृहिणी_मनीषनगर (११.०९)

माझं एकच सांगणं, रविवारचं जेवण बाहेर द्या. मागच्या वर्षी आमच्याकडे सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती, मी हट्टाने घरी करायला घेतलं आणि पंगत उठेपर्यंत मला कोण आलं कोण गेलं हे माहीत नव्हतं. तेव्हापासून ठरवलं. डाळभाजी, वडाभात, पोळ्या सगळं मेसवाल्या काकू करून देतात, डबे अकराला घरी.

आजी_लक्ष्मीनगर (११.२०)

नवमीचा नैवेद्य बाहेरून? देवासमोर मेसचा डबा ठेवायचा का आता? सुंठवड्याला काय लागते, सुंठ, साखर, खोबरं, खसखस. अर्धा तास लागत नाही. आम्ही बावीस माणसांचा स्वयंपाक दोघी जावांनी केला आहे, चुलीवर.

गृहिणी_मनीषनगर (११.२६)

आजी, नैवेद्याचं पान घरीच होईल, मी जेवणाचं म्हणते. आणि त्या दोघी जावांना तेव्हा कोणी विचारलं होतं का, दमल्या का म्हणून?

मधली_सून (११.३१)

भांडू नका हो. आम्ही घरचे १३, पुण्याचे ४, म्हणजे १७. नवमीला शेजारचे धरून पंचवीस पान होते. गाडी एक, आणि ती रविवारी दुपारी दोनपर्यंत यांच्याकडे, बुटीबोरीला पहिली पाळी आहे. हळदीकुंकू हलणार नाही. जन्म तर बाराचाच. सासऱ्यांना जिना चढवत नाही. करणाऱ्या आम्ही तिघी, त्यातली धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे, तिला मी उभं राहू देणार नाही. मोठ्या जाऊबाईंची पाठ धरली आहे.

वऱ्हाडी_पुण्यात (११.३८)

पुण्याचे आझाद हिंदने येऊन राहिले असतील तर ती नागपूरला साडेदहा-अकराच्या आसपास लागते, आणि उशीर झाला तर जन्म हुकला म्हणून समजा. आम्हीही दर वर्षी याच गाडीने येतो, एकदा वर्ध्याच्या पुढे अशी उभी राहिली की आई तिकडे पाळणा थांबवून बसली होती. घ्यायला माणूस पाठवू नका, स्टेशनवरून मेट्रो आहे, बॅगा कमी असतील तर त्यानेच येऊ द्या. आणि वन्संना म्हणा जाताना संत्री नका मागू, मृगाचा बहार संपत आला, आता कळमन्याच्या बाजारात चांगला माल शोधावा लागते.

कुलरवाला_दिघोरी (११.४४)

ताई कुलर लावले का? सतरा माणसं अन् एप्रिल, पहिले ते बघा. जुन्या ताट्या तशाच ठेवल्या तर पाण्याला वास येते. गवत दरवर्षी बदलायचं, पंपाची जाळी ब्रशनं घासायची, टाकीत तळाशी गाळ राहू द्यायचा नाही. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात पण पाहुणे येणार असतील तर एका खोलीला तरी लावा.

धंतोलीकर (११.४७)

कुलरचं कोणी विचारलं?

कुलरवाला_दिघोरी (११.४९)

सतरा माणसं गरमीत बसली की मग विचारतील.

अचलपूरची_लेक (११.५५)

मी कुरडयांचं सांगते, कारण बाकी सगळं थांबेल पण भिजलेला गहू थांबत नाही. बुधवारी भिजवला म्हणजे तीन दिवस शुक्रवारी भरतात. या गरमीत रोज पाणी बदललं नाही तर आंबट वास सुटते आणि कुरडई लालसर होते. पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा बदला. शुक्रवारी रात्रीच वाटून चीक गाळून घ्या. शनिवारी सकाळी वरचं पिवळं पाणी अलगद काढून टाका, खाली पांढराशुभ्र गोळा बसलेला असते, तो डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. वर दोन बोटं थंड पाणी राहू द्या आणि ते रोज बदला. दोन दिवस काही होत नाही, मी ठेवला आहे. सोमवारी पहाटे पाचला शिजवा. चीक जेवढ्या वाट्या तेवढंच पाणी, त्यात मीठ-हिंग, उकळी फुटली की एकीने ओतायचं आणि दुसरीने हात न थांबवता घोटायचं. सूर्य वर यायच्या आत सगळं गच्चीवर पडलं पाहिजे.

आजी_लक्ष्मीनगर (शुक्रवार, सकाळी ६.१०)

फ्रिजमधल्या चिकाच्या कुरडया तळल्यावर फुलत नाहीत.

अचलपूरची_लेक (६.३२)

फुलतात आजी. चीक कच्चा राहिला तर फुलत नाहीत, फ्रिजचा काय दोष. पळीवरून चीक खाली सोडला की चकाकला पाहिजे, पांढरा दिसला तर अजून झाकण ठेवून वाफ द्यायची.

वऱ्हाडी_पुण्यात (६.५०)

गरम चीक, वर तूप आणि साखर. इथं कोणाला सांगितलं तर माहीत नाही. आई पहिली वाटी आम्हा पोट्ट्यांना द्यायची, कुरडई नंतर.

शाळेतले_सर (७.१५)

मुलाचं कोणीच बोललं नाही. पहिली ते नववीचे पेपर यंदा ८ ते २५ एप्रिल केले आहेत, एरवी विदर्भात ऊन तापायच्या आत संपायचे. सतरा माणसांत तो अभ्यासाला बसणार कुठं? शनिवारी दुपारपासून त्याला मित्राकडे किंवा आजोळी पाठवा, रविवारी जन्माला घेऊन या.

मधली_सून (७.४०)

सर, माझं माहेर नंदनवनला आहे, आई ठेवून घेईल. हे खरंच सुचलं नव्हतं, आभारी आहे. पाणी बदललं आत्ता, वास नाही अजून. रामटेकचं सांगा ना कोणी, त्याच्यावरच सासूबाई अडून बसल्या आहेत.

रामटेकचा_जावई (७.५८)

रामटेक पन्नासेक किलोमीटर. नवमीला गडावर एवढी गर्दी असते की म्हाताऱ्या माणसाला दर्शनाच्या रांगेत उभं करणं म्हणजे हाल, वरून ऊन. पहाटे चारला निघाल तर नऊला परत. पण गाडी तर तुमच्या मालकाकडे आहे म्हणता. भाड्याने करा.

धंतोलीकर (८.०५)

पहाटे चारला निघायचं, नऊला यायचं, बाराला जन्म अन् पंचवीस पान. सासूबाईंना दुपारी झोपच येईल, मग पाहुण्यांसमोर कसं बसवायचं? आणि ताई, मी काल रात्री विचारलं होतं, घर कुठं आहे ते अजून सांगितलं नाही.

मधली_सून (८.२०)

घर काय, महाल भागातच आहे, बडकस चौकाच्या अलीकडे, वाडा आहे जुना. त्याचा काय संबंध?

धंतोलीकर (८.२२)

ताई!! पाचला गाडीने पाहुणे बोलावले आणि घर बडकस चौकात? पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा तुमच्या दारावरून जाते!

रामटेकचा_जावई (८.२४)

हेच लिहिणार होतो. दुपारनंतर रस्ते बंद करतात. चित्ररथ, ढोलताशे, चौकाचौकात पन्ह्याचे-सरबताचे स्टॉल, मुंगीला जागा नसते. अमरावतीची गाडी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

मधली_सून (८.३१)

देवा. आम्ही यात्रा नेहमी ओट्यावरूनच बघतो, कुठं जायचंच नसते म्हणून रस्ता बंद असते हे डोक्यातच आलं नाही. दरवर्षी ओटा धुवून रांगोळी काढते मी. पाहुण्यांना पाचची वेळ सासऱ्यांनीच दिली. आता बदलली तर ते काय म्हणतील, मुलीकडचे आहेत, आपल्याकडून असं बरं दिसते का?

गृहिणी_मनीषनगर (८.४०)

बंद रस्त्यावर तासभर गाडीत बसले तर बरं दिसेल का? आत्ता फोन करा. स्टेशनच्या त्या बाजूला कोणाचं घर असेल तर कार्यक्रम तिथं ठेवा.

आजी_लक्ष्मीनगर (८.४७)

दुसऱ्याच्या घरी नको. मुलगी ज्या घरात येणार ते घर बघायला येतात लोक. त्यांना सकाळीच बोलवा, जन्माला. देवासमोर पाळणा हलवताना माणसं जशी दिसतात तशी खुर्चीवर बसून पोहे खाताना दिसत नाहीत.

गृहिणी_मनीषनगर (८.५१)

आजी, हे पटलं.

धंतोलीकर (८.५५)

अमरावतीहून तीन तास धरा. सातला निघाले तर दहा-साडेदहाला पोचतात, जेवून तीनच्या आत निघाले की मोकळे. निघायला उशीर करू देऊ नका, नाहीतर गाडी गल्लीतच अडकते.

मधली_सून (शुक्रवार, दुपारी २.१०)

सासऱ्यांना सांगितलं. ते आधी काहीच बोलले नाहीत, मग उठून स्वतःच फोन लावला. मुलीचे वडील म्हणाले आमच्याकडेही जन्म असते, पण यंदा तुमच्याकडचा बघू. दहापर्यंत येतात. म्हणजे पान आता तीसेक, म्हणून वडाभात आणि पोळ्या बाहेर दिल्या, नैवेद्य, सुंठवडा आणि कैरीची डाळ घरी. शनिवारच्या हळदीकुंकवाला डाळ करणारच होते, हरभऱ्याची डाळ दुप्पट भिजवते. पुण्याच्यांना स्टेशनवरून माझा भाचा मेट्रोने आणेल.

रामटेकचं मी सासूबाईंजवळ बसून विचारलं, यंदाच एवढं का. गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये करायचं ठरलं आहे, त्याच्या आधी एकदा गडावर उभं राहायचं आहे म्हणाल्या. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी १२ तारखेला हनुमान जयंती आहे, यांना सुट्टी आहे, गाडी आहे, तेव्हा तुम्हाला घेऊन जाते असं मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला थोडा वेळ. मग म्हणाल्या, गव्हाचं पाणी बदललं का?

अचलपूरची_लेक (२.२५)

बरं झालं. आता कुरडया सोमवारी पहाटे, नक्की. पाच किलोला एक सोऱ्या पुरायचा नाही, दोन ठेवा. एक भरेपर्यंत दुसरा चालला पाहिजे, चीक थंड झाला की हात भरून येतात.

मधली_सून (२.३३)

एकच आहे, पितळेचा, सासूबाईंच्या सासूबाईंचा. त्यांच्याच्याने आता दाबवत नाही, पण मीठ त्याच घालतील. दुसरा कुठं भेटेल एका दिवसात?

इतवारीकर_काकू (२.४१)

विकत कशाला घेते. मी चितार ओळीजवळच राहते, माझ्याकडे दोन पडले आहेत. शनिवारी हळदीकुंकवाला येताना आणते, मला बोलावणं दे फक्त. चकती जाड पाहिजे का बारीक?