तिवराचं ट्रान्सक्रिप्टोम: शेजारच्या प्रजातीचा जीनोम घ्यावा की थेट ट्रिनिटी?

ऐरोली_खाडी: ऐरोलीच्या खाडीतल्या तिवराची पानं, अव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस. त्यांच्या आरएनएच्या साधारण 12 कोटी पेअर्ड-एंड जोड्या (एकाच तुकड्याच्या दोन टोकांकडून वाचलेले क्रम, म्हणजे रीड) हातात आहेत. त्यातून ट्रान्सक्रिप्टोम, म्हणजे पानातल्या चालू जनुकांचे आरएनए (ट्रान्सक्रिप्ट), जुळवायचंय. अव्हिसेनिया मरीनाचा जीनोम मिळतो. त्यावर रीड बसवून स्ट्रिंगटाय चालवू का, की जीनोमशिवाय थेट रीड जुळवणारं ट्रिनिटी घेऊ? मशीनला रॅम 64 जीबी.

ठाणे_पूर्व: ताई, प्रजाती वेगळी आहे हे विसरू नका. जिथे क्रम जास्त बदललाय तिथे रीड बसतच नाही, आणि स्ट्रिंगटाय बसलेल्या रीडांवरच ट्रान्सक्रिप्ट बांधतं. खाऱ्या पाण्यात तग धरणारी जनुकं शोधताय ना? मग नेमकी तीच निसटली तर सगळी मेहनत वाया. मी ट्रिनिटीच घेईन. त्याला दर दहा लाख जोड्यांमागे अंदाजे 1 जीबी रॅम लागते, म्हणून नॉर्मलायझेशन (पुन्हापुन्हा आलेले रीड कमी करणं) बंद करू नका, तरीही मोठं मशीन मिळालं तर बघाच. आणि लायब्ररी (रीड वाचण्यासाठी तयार केलेला नमुना) डीयूटीपी पद्धतीची, म्हणजे आरएनएची दिशा राखणारी, असेल तर ट्रिनिटीच्या दिशेच्या पर्यायात आरएफ लिहा. दिशा न सांगितल्यास समोरासमोरची, टोकं एकमेकांवर आलेली दोन जनुकं एकच ट्रान्सक्रिप्ट होऊन बसतात. फार त्रास देतं हे पुढे.

वाशी_बेंच: सहमत. फक्त पानावरची बुरशी, जिवाणू यांचा आरएनएही ट्रिनिटी निमूट जुळवतं, तो गाळा. ट्रान्सक्रिप्टांचा आकडा फुगलेला दिसेल, त्यावर खूश होऊ नका. बस्को (अपेक्षित जनुकं किती पूर्ण सापडली ते तपासणारं) चालवा, रीड परत बसवून टक्केवारी बघा.

ऐरोली_खाडी: किट डीयूटीपीचंच आहे. तरी थोडे रीड आधी मरीनावर हायसॅट2 ने बसवून बघते, किती बसतात ते इथेच टाकते.