गाडीचा हीटर गरम व्हायला २० मिनिटं का लागतात?

प्रश्न: १५०० सीसीचं पेट्रोल इंजिन. थंड इंजिन सुरू केल्यावर २० मिनिटं कोमटच हवा येते. हायवेवर तापमानाचा काटा आणखी खाली उतरतो. कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारा द्रव) कमी असेल का?

उत्तर १: वेगात काटा उतरतो म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय, हा पहिला संशय. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावा, पंख्यापासून जपून. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांना उघडतात. तोवर होज थंडच राहायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट गॅस्केटसकट बदला. नुसता काढून टाकू नका! इंजिन थंड चालतं आणि पेट्रोल जास्त जळतं.

उत्तर २: त्याआधी कूलंटची पातळी बघाच, पण इंजिन पूर्ण थंड असताना. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. पातळी कमी असली तर हीटर कोअरमध्ये (गरम कूलंटने केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) हवा अडकते.

उत्तर ३: काटा मध्यावर येऊनही हवा कोमटच असेल तर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणारे दोन्ही हीटर होज तपासा. एक गरम, दुसरा बराच थंड: कोअर तुंबलाय. दोन्ही गरम: ब्लेंड डोअर (गरम-थंड हवा मिसळणारी झडप) अडकलंय.