मदत हवी आहे: व्याध (सिरियस) ताऱ्याचा जोडीदार तारा दिसतच नाही

निशाचर_०८
८ इंची डॉब (डॉब्सोनियन, आरशाची दुर्बीण) आहे. आठवडाभर रोज बघतोय, व्याधाशेजारी काहीही दिसत नाही. सगळीकडे लिहिलंय की सध्या दोघांतलं अंतर ११ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास आहे, म्हणजे सोपं असायला हवं. काय चुकतंय? लवकर सांगा, महिन्याभरात व्याध पश्चिमेला कलेल.

आरसेघाशा
आयपीस (डोळ्याकडचं भिंग) कोणता? किती वाजता? कुठून? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

वांगणीकर
शहरातून नाद सोडा. अमावास्येला वांगणीला या, तिथे अंधार असतो.

आरसेघाशा
अंधाराचा इथे फारसा संबंध नाही. जोडीदार ८.४ प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), एरवी साध्या द्विनेत्रीतही दिसला असता. पण शेजारचा व्याध उणे १.४६ प्रतीचा, म्हणजे नऊ हजार पटींहून तेजस्वी. त्याची झगमग वांगणीतही तेवढीच राहणार.

निशाचर_०८
१० मिमी आयपीस आणि २x बार्लो (वर्धन दुप्पट करणारं भिंग). पुण्यात, गच्चीवरून, सात वाजता दुर्बीण बाहेर काढली की लगेच.

षट्कोन
मग तेच कारण. दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडतो, आरसाही गरम असतो. २४० पट वर्धनाला व्याध फुगून पसरतो आणि जोडीदार त्यात बुडतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, जमल्यास मातीवर किंवा गवतावर. फेब्रुवारीच्या मध्यावर साडेनऊ-पावणेदहाला व्याध मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच) येतो, पुण्यातून ५५ अंश उंच. लंडनवाल्यांना जेमतेम २२ अंश मिळतो. ही वेळ दवडू नका.

राजन्य (रायजेल) ताऱ्याचा जोडीदार दिसतो का? ६.८ प्रत, ९.५ विकला.

निशाचर_०८
अधूनमधून.

षट्कोन
तो स्थिर दिसेपर्यंत व्याधाकडे वळू नका. कोलिमेशन (आरशांची जुळणी) तपासा, आरशावर धूळ असेल तर धुवा, धुळीने प्रकाश विखुरतो. मग दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या कार्डशीटचं झाकण करा: मधे षट्कोनी भोक, बाजू १०० मिमी. उजेड सहा शलाकांत गोळा होतो आणि मधल्या फटी काळ्या पडतात. झाकण फिरवून जोडीदाराची जागा फटीत आणा.

आरसेघाशा
आधीच मंद तारा, त्यात छिद्र कमी करायचं?

षट्कोन
१७ टक्के प्रकाश जातो, म्हणजे ०.२ प्रत. झगमग त्याहून कितीतरी जास्त कमी होते.

कॅमेरावाला
मी म्हणेन वेबकॅमने व्हिडिओ घ्या, चांगल्या फ्रेम निवडून रचा. हा जोडीदार पहिल्यांदा दिसला तेव्हा, १८६२ मध्ये, अल्व्हान ग्रॅहम क्लार्कला साडेअठरा इंची भिंग लागलं होतं.

षट्कोन
त्यांनी डोळ्याने बघायचं विचारलंय.

वांगणीकर
प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने व्याध तांबूस लिहिलाय, त्यावर कुणी बोलेल का?

आरसेघाशा
वेगळा धागा काढा. निशाचर, दिशा माहीत आहे ना? जोडीदार व्याधाच्या ईशान्य-पूर्वेला आहे. दुर्बीण हलवू नका, व्याध ज्या बाजूने दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो ती पश्चिम. जोडीदार पाऊण सेकंद मागे असतो. व्याध कडेआड गेला की त्या क्षणभरात बघा. स्पायडरची (दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांची) शलाका आड येत असेल तर तासाभराने पुन्हा: मध्यमंडलाजवळ डॉबमधलं क्षेत्र तासाला सुमारे २५ अंश फिरतं.

निशाचर_०८
आज तासभर थंड केली, झाकणही लावलं. एक ठिपका दिसला! पण व्याध क्षेत्रात इकडेतिकडे नेला की ठिपका उलट्या दिशेला पळतो.

षट्कोन
ते आयपीसमधलं परावर्तन. खरा जोडीदार व्याधासोबतच सरकतो, अंतर आणि दिशा बदलत नाही. बार्लो काढा, ५ किंवा ६ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस उसना मिळतो का बघा. आणि आज तारे लुकलुकत होते का ते लिहा.