लाल ढेकण्याचा पुढचा पंख: भाग कसे ओळखायचे?

प्रश्न: हिंगण्याच्या पऱ्हाटीवरच्या लाल ढेकण्याचे नमुने वाळवलेत. पंखाचे भाग नीट कळत नाहीत, अन् सोडवताना पंख मोडतो. काय करावं?

उत्तर १: पंखाचा मुळाकडचा भाग चिवट, टोकाचा पातळ पडदा. चिवट भागाचेही दोन वाटे. पाठीवरच्या त्रिकोणाला लागून असलेली चिंचोळी पट्टी म्हणजे क्लेव्हस. शिवणीपलीकडचा रुंद भाग कोरियम. काळा ठिपका कोरियमवरच असतो. पडदा काळा असल्यामुळे शिरा दिसत नाहीत. ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून खालून उजेड द्या, १० पट भिंग पुरतं.

उत्तर २: कोरडा आहे म्हणून मोडतो. बंद डब्यात ओला टिशू, वर जाळी, त्यावर नमुना, २४ तास. बुरशी नको म्हणून व्हिनेगरचे दोन थेंब टाका. पाणी किड्याला लागू देऊ नका. मग सुई पंखाच्या मुळाशी लावा, टोकाला ओढू नका. टाचणी त्रिकोणातच, मध्यापासून किंचित उजवीकडे. पंखातून टोचली तर क्लेव्हस फाटलाच म्हणून समजा.

उत्तर ३: पिल्लांना नुसत्या पंखांच्या कळ्या असतात, त्यांत हे भाग शोधू नका. आणि कोरियमच्या टोकाला वेगळा त्रिकोणी तुकडा, म्हणजे क्युनियस, दिसला तर तो लाल ढेकण्या नव्हेच. आधी मिरिड कुळ, म्हणजे क्युनियस असलेल्या ढेकण्यांचं कुळ, तपासा.